प्रज्ञेशची पाच मिनिटं

आमचा प्रज्ञेश लिफ्टचा मेकॅनिक आहे असं मी कुणाला सांगितलं की मलाच हसू येतं. हा मुलगा लहानपणी अंधाराला इतका भ्यायचा, की बिबवेवाडीच्या आमच्या जुन्या चाळीत संध्याकाळनंतर त्याला संडासला जायचं झालं तर मी बॅटरी घेऊन दाराबाहेर उभी. नुसतं उभं राहून भागायचं नाही, बोलत राहायला लागायचं. बोलणं थांबलं की आतून आवाज यायचा, "मावशी, आहेस ना?" मी मुद्दाम गप्प बसायची. मग आत मुसमुसणं सुरू झालं की म्हणायची, "आहे रे बाबा. तुला सोडून जातेय कुठे!"

तर असा हा शूरवीर. आता दिवसभर लिफ्टच्या त्या काळ्याकुट्ट विहिरीत, टपावर उभा राहून ग्रीस लावत असतो.

मी काही त्याची सख्खी मावशी नाही. शेजारीण. त्याची आई लवकर गेली, मग तो माझ्याच ओट्यापाशी वाढला. त्याचे वडील दशरथभाऊ पोस्टात होते. चौदा एप्रिलला विहारासमोर त्यांचं भाषण असायचं, आणि आवाज असा की लाऊडस्पीकरवाला वायर गुंडाळून घरी गेला तरी चाललं असतं. एका वर्षी त्यांनी प्रज्ञेशला स्टेजवर चढवलं. चौथीत होता. पांढरा सदरा, केसाला तेल. "अध्यक्ष महोदय" एवढं म्हणाला आणि घसा बंद. रडला नाही, पळाला नाही, तोंड उघडं ठेवून नुसता उभा. शेवटी मीच वर जाऊन उचलून आणला आणि हातावर पेपरमिंट ठेवली. त्यानंतर चार माणसं समोर दिसली की याचं तोंड बंद. स्वतःच्या लग्नात उखाणासुद्धा बायकोनं, मैत्रीनं घेतला, दोघांचा मिळून.

आता यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. आमच्या गल्लीच्या मागेच त्यांचं गोडाऊन. दर सोमवारी सकाळी सगळे मेकॅनिक तिथे जमतात आणि कामाला पांगायच्या आधी त्यांच्यातलाच एक जण पाच मिनिटं बोलतो. सेफ्टी टॉक म्हणतात त्याला. सोमवारचे पोहे माझ्याकडून जातात, म्हणून मला सगळं ठाऊक. प्रज्ञेशनं स्वतःची पाळी किती वेळा चुकवली, काय विचारू नका. कधी ताप, कधी दाढ, एकदा मेहुण्याचं लग्न. मैत्रीला भाऊच नाही!

या वेळी मात्र शेफाली मॅडमनी स्वतः त्याचं नाव घातलं. या त्यांच्या सेफ्टी ऑफिसर. बाई चांगली आहे, पोह्यांना नावं ठेवत नाही. पण नियमांची भारी हौस. व्हॉट्सॲपवर एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला, तो प्रज्ञेशनं रविवारी दुपारी मैत्रीसोबत येऊन मला ऐकवला. विषय, जंपर. वेळ, पाच मिनिटं, मोबाईलवर लावणार. बिल्डिंगचं नाव घ्यायचं नाही, माणसाचं नाव घ्यायचं नाही, झालेल्या अपघाताचा उल्लेख नको. उत्तरेकडची मुलं आहेत म्हणून निम्मं हिंदी. एखादी वस्तू दाखवायची. आणि सगळ्यात शेवटी, "प्लीज, घाबरवू नका. टोन पॉझिटिव्ह ठेवा. आपण याचा व्हिडिओ हेड ऑफिसला पाठवणार आहोत."

"व्हिडिओ!" प्रज्ञेश माझ्या खाटेवर बसला तो बसलाच. "मावशी, मला खरंच ताप आलाय. हात लावून बघ."

"आलाय ना, व्हिडिओचा ताप," मी म्हटलं. "ऊठ. उभा राहा. मी शेफाली मॅडम, मैत्री म्हणजे सगळे मेकॅनिक. कर सुरू."

तो उभा राहिला. कॅलेंडरच्या पानामागे काहीतरी लिहून आणलं होतं, ते पान तोंडासमोर धरलं.

"नमस्कार. माझं नाव प्रज्ञेश."

"त्यांना माहितीये," मैत्री म्हणाली. "रोज तुझ्या डब्यातली भाजी खातात."

"मग सुरू कशानं करू?"

"जंपर म्हणजे काय, त्यानं कर," मी म्हटलं. "मला समजलं तर कुणालाही समजेल."

कामाचं विचारलं की हा मुलगा छान बोलतो. भाषण म्हटलं की संपलं. म्हणून मी पाठ फिरवून शेंगदाणे निवडायला घेतले आणि म्हटलं, मला सांग सहज. मग त्यानं सांगितलं. लिफ्टच्या प्रत्येक दाराला विजेचा एक खटका असतो. एक दार जरी नीट लागलं नाही तरी लिफ्ट जागची हलत नाही. बिघाड झाला की नेमका कुठल्या दाराचा खटका गेलाय ते शोधायला मेकॅनिक वरच्या मशीनरूममध्ये एक वायर जोडतो. ती जंपर.

"ती वायर लिफ्टला खोटं सांगते, मावशी. सगळी दारं बंद आहेत म्हणून. आणि लिफ्ट बिचारी खरं मानते. काम झालं की काढायची."

"आणि नाही काढली तर?"

"तर दार उघडं असलं तरी ती निघून जाते."

माझे शेंगदाणे हातातच राहिले.

"हेच तर," तो वैतागून म्हणाला. "विसरलं तर काय होतं, तेवढंच सांगायचं असतं यात. आणि मॅडम म्हणतात घाबरवू नका. मग बोलू काय पाच मिनिटं? जंपर लाल रंगाची असते, तिचा रंग किती सुंदर?"

मैत्री हसली. "वस्तू दाखव ना. एक मिनिट त्यात जाईल. मागच्या वेळी बद्रीनाथनं हेल्मेट दाखवण्यात तीन मिनिटं घालवली, तू म्हणालास."

बद्रीनाथ म्हणजे त्यांच्यातला सगळ्यात जुना आणि चेष्टेखोर माणूस. नव्या पोरांच्या चपला लपवतो, माझ्या पोह्यांत शेंगदाणे मोजतो.

प्रज्ञेशनं बॅग ओढली. त्याच्या जंपर त्यानं स्वतः केलेल्या, दोन्ही टोकांना चिमटे आणि मधे मैत्रीच्या फाटक्या ओढणीची लाल चिंधी बांधलेली, म्हणजे लांबून डोळ्यांत भरावी. दोन असायच्या. एक निघाली. त्यानं ती खाटेवर ठेवली आणि दुसरीसाठी हात घातला.

हात आतच फिरत राहिला.

मग त्यानं बॅग माझ्या चटईवर उपडी केली. पाने, पक्कड, टेस्टर, ग्रीसचा डबा, काळपट फडकी. कप्पे उलटे केले. मैत्री म्हणाली, "घरी असेल." मी त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला एकदम चौथीतला तो पांढरा सदरा दिसला. तोंड उघडं, आवाज नाही.

"अरे, बोल काहीतरी!"

"शुक्रवारी," तो म्हणाला. "कसब्यात. मी जंपर लावून खटका शोधत होतो. सापडला, साफ केला. तेवढ्यात दुसरीकडे लिफ्टमध्ये माणूस अडकल्याचा फोन आला. मी लिफ्ट चालू करून पळालो."

"वायर?"

त्यानं फोन काढला होता. त्या बिल्डिंगचे सेक्रेटरी अभयराव. फोन स्पीकरवर टाकला.

"काका, लिफ्ट कशी चाललीय?"

"उत्तम!" अभयराव म्हणाले. "मी आपल्या कंपनीची इतकी वर्षं निंदा केली, ती मागे घेतो. पूर्वी दार नीट लावलं नाही तर लिफ्ट जागेवरून हलायची नाही. आता दार लावलं नाही तरी जाते. याला म्हणतात सुधारणा."

मैत्रीनं माझा हात धरला. तिची नखं रुतली.

"काका, लिफ्ट बंद करा. आत्ता. कुणालाही बसू देऊ नका."

"अहो, मी बाणेरला आहे, मुलीकडे. मीटरच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. वॉचमनला सांगतो." मग थोड्या वेळानं पुन्हा फोन. वॉचमन उचलत नाही. ग्रुपवर टाकलंय. तिघांनी नमस्काराचं चित्र पाठवलंय, एकानं अंगठा. "फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या यमुनाबाई ग्रुपवर नाहीत, त्यांच्याकडे साधा फोन आहे, तोही उचलत नाहीत. त्या एकट्याच असतात. दिवेलागणीला गणपतीला जातात."

आम्ही तिघांनीही खिडकीबाहेर बघितलं. ऊन उतरलं होतं.

त्याला गाडी चालवू देणं शक्य नव्हतं. किल्ली कुलपात जाईना. मी माझी स्कूटर काढली आणि म्हटलं, "बस मागे." लोकांनी बघितलं असेल, साठीला टेकलेली बाई पुढे आणि हा एवढा बाप्या मागे, माझ्या खांद्यांना धरून. स्वारगेटला सिग्नल लागला. लाल आकडे एकेक करून खाली येईनात.

"मावशी," तो मागून म्हणाला, "बोलत राहा ना."

मी आयुष्यभर तोंड बंद न ठेवलेली बाई. नवरा म्हणायचा, हिला भूल दिली तरी ओठ हलतील. आणि देवाशपथ सांगते, मला एक शब्द सुचेना. शिवाजी रोडला मंडईपाशी गर्दी, पुढे बुधवार पेठेत दगडूशेठला तर रविवारची रांग रस्त्यावर आलेली. हारवाले, फुगेवाले, फोटो काढणारी माणसं. मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही. एक बाई म्हणाली, "आजी, देव पळून चाललाय का?" एरवी मी थांबून उत्तर दिलं असतं.

कसब्यातल्या त्या बोळात स्कूटर जाईना. एका तांबटाच्या दुकानासमोर तशीच टाकली आणि पळालो. म्हणजे तो पळाला, मी आपली मागे.

जुनी पाच मजली इमारत. जाळीच्या सरकत्या दारांची लिफ्ट, एक दार बाहेर, एक आत. वॉचमनच्या खुर्चीवर टॉवेल, वॉचमन नाही. लिफ्ट खाली नव्हती. जाळीतून बघितलं तर काळोखात जाड तारा लोंबत होत्या, स्थिर. दाराशेजारी रंगवलेली पाटी होती. दार उघडे ठेवून लिफ्ट अडवू नये, इतरांनाही वर जायचे असते.

"मावशी, इथेच थांब. कुणालाही दाराला हात लावू देऊ नको." आणि जिना चढायला लागला. "लिफ्ट वापरू नका! लिफ्ट वापरू नका!" पहिला मजला. त्याचा आवाज इतका मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं. दशरथभाऊंचाच आवाज तो. "लिफ्ट वापरू नका!" दुसरा मजला.

आणि माझ्यासमोर, त्या जाळीमागे, तारा हलायला लागल्या.

कुणीतरी वरून बटण दाबलं होतं. तारा सरसर सरसर, आवाज न करता. मी जाळीला धरून ओरडले, "थांबवा!" कुणाला सांगत होते कोण जाणे.

त्याच क्षणी प्रज्ञेशचा आवाज बंद झाला.

असा बंद झाला, जसा चौथीत झाला होता. मधेच तुटल्यासारखा. मी वर बघत राहिले. काही नाही. मग त्या विहिरीतून काहीतरी खाली आलं. भिंतीला आपटत, दणदण करत, आणि माझ्या पायापासून हातभर अंतरावर, जाळीच्या पलीकडे, खालच्या खड्ड्यात आदळलं. मी डोळे मिटून घेतले. मला ते बघायचं नव्हतं. कानांत नुसती सणक.

डोळे उघडले तर स्टीलचा डबा. झाकण वेगळं, आणि सगळीकडे फुटलेले मोदक.

वर जे झालं ते मला नंतर दोघांनीही सांगितलं, म्हणून खरं धरा. यमुनाबाईंची एक सवय. लिफ्ट आली की आधी तिची दोन्ही दारं उघडी टाकायची, म्हणजे वरचा कुणी ती पळवत नाही, आणि मग सावकाश घराला कुलूप लावायचं, ओढून बघायचं, पुन्हा ओढून बघायचं. त्या जिन्यातले सगळेच हे करतात, पाटी काय उगाच लागलेली नाही. इतकी वर्षं लिफ्ट मुकाट उभी राहायची. त्या दिवशी त्यांची पाठ होती, पाचव्यावरून कुणी बटण दाबलं, आणि लिफ्ट दारं उघडी टाकून निघून गेली. यमुनाबाईंनी कुलूप ओढलं, एका हातात डबा, दुसऱ्यानं पदर सावरत वळल्या. कान जरा कमी. समोर बघायची गरजच काय, लिफ्ट तर अडवून ठेवलेली.

प्रज्ञेश जिन्याच्या वळणावर आला तेव्हा त्यांचा पाय उचललेला होता. त्याला ओरडायचं होतं. घसा मिटला. म्हणून त्यानं झेप घेतली.

"अरे मेल्या, कोण तू?" वरून म्हातारीचा खणखणीत आवाज आला. "माझा डबा पाडलास! नैवेद्य होता त्यात!"

"मी लिफ्टवाला, आजी."

"मग लिफ्ट कुठाय?"

नंतर कळलं, त्यानं उघड्या दारापलीकडच्या काळोखाकडे नुसतं बोट दाखवलं होतं, आणि यमुनाबाई पदर तोंडात धरून भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या.

वरून हाक आली. अगदी बारीक.

"मावशी, आहेस ना?"

"आहे रे बाबा," मी म्हटलं. मला वाटतं म्हटलं. त्याला ऐकू गेलं की नाही देव जाणे.

वॉचमन चहाचा ग्लास घेऊन आला, माझा अवतार बघून ग्लास तिथेच ठेवला. त्याच्याकडे गच्चीची किल्ली होती. प्रज्ञेशनं वर जाऊन वायर काढली, लिफ्ट बंद केली, प्रत्येक मजल्यावर दोरी बांधली. खाली आला तेव्हा लाल चिंधी मुठीतून लोंबत होती. पायरीवर बसला आणि गटारीत ओकला. मी पाठीवरून हात फिरवला. पदराच्या टोकाला एक पेपरमिंट होती. तोंडात घातली त्याच्या.

घरी मैत्री दारातच उभी. सगळं ऐकून घेतलं, त्याला पाणी दिलं, आणि मग हळूच म्हणाली, "उद्या यातलं काही बोलू नकोस. कुणाला काही झालं नाही ना? व्हिडिओ करतायत. नोकरी जाईल तुझी."

तो म्हणाला, "बघतो." रात्री जेवला नाही. ते कॅलेंडरचं पान माझ्याच घरी राहिलं, मागे सगळं भाषण. "जंपर हमारा दोस्त है," असं सुरू होत होतं.

सोमवारी मी पोह्यांचं पातेलं घेऊन गोडाऊनमध्ये गेले ती मुद्दाम लवकर, आणि वाढायला मुद्दाम वेळ लावला. सगळे अर्धगोल करून उभे. शेफाली मॅडमनी मोबाईल स्टँडवर लावला होता. बद्रीनाथ पोहे खात म्हणाला, "मावशी, आज प्रज्ञेशचं प्रवचन. प्रसादाला नारळ आणलाय का?"

"तू आधी ऐक, मग फोडू तुझ्या डोक्यावर," मी म्हटलं. पण माझा आवाज काही नेहमीचा नव्हता.

प्रज्ञेश पुढे आला. हातात कागद नाही. तोंड उघडलं. काही आलं नाही. कुणीतरी खोकलं. मॅडमनी मान हलवून धीर दिला. मला वाटलं, झालं, आता मला जाऊन उचलून आणायला लागणार.

"शुक्रवारी माझी जंपर राहिली होती," तो म्हणाला. "शुक्रवार को मेरा जंपर लगा रह गया था. काल संध्याकाळी मी ती काढली. एक बाई वाचल्या. थोडक्यात."

मॅडमचा हात मोबाईलकडे गेला आणि तिथेच थांबला.

"अजून काही नाही माझ्याकडे. सगळ्यांनी आपापली बॅग उघडा. जंपर काढून समोर ठेवा. सब लोग अपना जंपर सामने रखो."

"शाळा आहे का रे ही?" बद्रीनाथ म्हणाला. दोघं-तिघं हसले. पण बॅगा उघडल्या. फरशीवर एकेक वायर पडायला लागली. लाल, पिवळी, काळी, कुणाची टेप गुंडाळलेली. नवी पोरं पटकन मोकळी झाली. हसणं थांबलं होतं, नुसता चेनचा आणि लोखंडाचा आवाज.

बद्रीनाथनं ताटली बाजूला ठेवली. बॅगेत हात घातला. मग दुसऱ्या कप्प्यात. मग बॅग उपडी केली, अगदी तशीच, जशी माझ्या चटईवर झाली होती. बॅगेतून पाने निघाले, फडकी निघाली, मागच्या महिन्यात लपवलेली एका पोराची चप्पलसुद्धा निघाली. कुणी हसलं नाही.

तो कुणाकडेही न बघता उठला, गाडीची किल्ली घेतली आणि फोन लावत दाराकडे निघाला.

"बद्रीनाथजी, टॉक संपलेला नाही," मॅडम म्हणाल्या. सवयीनं म्हणाल्या बिचाऱ्या, चेहरा पांढरा पडला होता त्यांचाही.

"संपला, मॅडम," प्रज्ञेश म्हणाला.

मी पातेल्यापाशी, दारात उभी होते, म्हणून मला बद्रीनाथचं ऐकू आलं. तो फोनवर विचारत होता, "हॅलो, साहेब, तुमची लिफ्ट कशी चाललीय?"

पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू नाही आलं. अभयरावांसारखंच "उत्तम" आलं असणार. कारण त्यानं हेल्मेट माझ्या पातेल्याच्या झाकणावर तसंच टाकलं, आणि गाडी काढली.